पाण्यापर्यंत नेता येईल अशी होडी

माजलगावच्या धरणावर जाळं टाकणाऱ्या मच्छीमाराला नवी होडी घ्यायची झाली, तर त्याच्यापुढे आज चार पर्याय असतात. फायबरची होडी, पत्र्याची होडी, थर्माकोलचा चप्पू म्हणजे तराफा, आणि एखाद्या बंद पडलेल्या गुऱ्हाळावर अजून शिल्लक असेल तर उसाचा रस आटवायची काहील. नौकांची पुस्तकं यातल्या फक्त पहिल्या दोहोंना होडी म्हणतील. तिसरा त्यांच्या लेखी कचरा आणि चौथं भांडं. तरीही बीड जिल्ह्यात होडी कुठून आली हे शोधायचं, तर या कचऱ्यापासून आणि भांड्यापासूनच मागे जावं लागतं.

कोकणातल्या होडीला वंशावळ आहे. तिला पाठाण असते, पुढे वर उचललेली नाळ असते, बांधणारे ठरावीक सुतार असतात, आणि समुद्रात सोडण्याआधी नारळ फुटतो. गलबत, मचवा, पडाव, बाजूला उलांडी बांधलेली सिंधुदुर्गाकडची होडी, यांची नावं कोशात आहेत आणि चित्रं गॅझेटियरमध्ये. बीडच्या वाट्याला यातलं काही आलं नाही, आणि त्याचं कारण सरळ आहे. ज्या पाण्यावर बारा महिने होडी चालेल असं पाणीच या जिल्ह्यात फारसं नव्हतं. उत्तरेच्या हद्दीवरून गोदावरी वाहते. गेवराई, माजलगाव आणि परळी तालुक्यांचा काठ तिला लागतो, लोक तिला गंगा म्हणतात आणि तो पट्टा गंगथडी. सिंदफणा, बिंदुसरा, कुंडलिका, वाण, मांजरा या बाकीच्या नद्या पावसाळ्यात अंगावर येतात आणि फाल्गुनात वाळू दाखवतात. उन्हाळ्यात गोदावरीचंही वाहणं जवळजवळ थांबायचं, पाणी डोहाडोहांतून उरायचं. मरळ, वाम, शिंगाळा हे मासे त्या डोहांतच जगायचे आणि भोई त्यांना तिथंच धरायचे. डोहाच्या काठावर उभं राहून जाळं फेकता येतं. डोह रुंद असला तर पोहत जाऊन पलीकडचं टोक बांधता येतं. अशा ठिकाणी सागवानाची होडी बांधणं म्हणजे पैसा उन्हात वाळत घालणं.

पोहताना हाताला मोकळीक हवी, म्हणून छातीखाली काहीतरी तरंगतं हवं. तिथं आला भोपळा. पूर्ण वाळलेला, बिया काढून तोंड बंद केलेला. दोन भोपळे दोरीने जोडले की सांगड. बंगालपासून दख्खनपर्यंत नदीकाठच्या लोकांनी भोपळे, उपडी मडकी आणि फुगवलेली कातडी कशी वापरली याची तपशीलवार नोंद जेम्स हॉर्नेल या माणसाने केली. तो मद्रास इलाख्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचा संचालक होता, आणि जगभरच्या साध्यासुध्या नौकांवरचं त्याचं मोठं पुस्तक १९४६ साली केंब्रिजहून निघालं. शिडाच्या जहाजांवर लिहिणारे पुष्कळ झाले. मडक्याकडे जहाजाइतक्याच गांभीर्याने पाहणारा हा एक.

भोपळा अंगाने हलका आणि आतून पोकळ, म्हणून तरंगण्याचे दोन्ही मार्ग त्याच्यात एकत्र आहेत. त्याच्यापुढे मात्र घराणी दोन झाली. एका घराण्याच्या वस्तू बंद असतात किंवा अंगानेच हलक्या असतात, त्यात पाणी शिरूच शकत नाही: भोपळा, मशक, मडकं, टायरची ट्यूब, थर्माकोल. दुसऱ्या घराण्याच्या वस्तू वरून उघड्या असतात, काठ पाण्याच्या वर आहे तोवरच तरंगतात: टोपली, काहील, पत्र्याची होडी, फायबर. पहिल्या घराण्यात माणूस वस्तूवर बसतो आणि भिजतो. दुसऱ्यात तो वस्तूच्या आत बसतो, कोरडा राहतो, आणि काठावरून पाणी आत आलं की वस्तूसकट खाली जातो.

दुसऱ्या घराण्याचा दख्खनमधला मूळपुरुष म्हणजे चामड्याची गोल टोपली. १५२० च्या सुमारास विजयनगरला आलेल्या दोमिंगो पाइश या पोर्तुगीज प्रवाशाने तुंगभद्रेवर ती पाहिली. आतून वेताची, बाहेरून चामड्याने मढवलेली, पंधरा-वीस माणसं घेणारी, बैल आणि घोडेही वाहणारी, आणि सरळ न जाता सतत गिरक्या घेणारी. शंभर-सव्वाशे वर्षांनी गोवळकोंड्याच्या मुलखात हिरे घ्यायला निघालेला ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या तशाच टोपलीतून नदी उतरला. बैलाचं कातडं बाहेरून, आणि पाय ओले होऊ नयेत म्हणून तळाशी लाकडाच्या मोळ्या. कानडीत ती हरिगोलू, तेलुगूत पुट्टी. हंपीला आज पर्यटक जिच्यात बसतात ती हीच, फक्त कातड्याच्या जागी प्लास्टिक आणि डांबर आलं.

गोदावरीवर ही टोपली लष्करानेही वापरली. १८०३ च्या ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला घेऊन इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली औरंगाबादकडे निघाला तेव्हा गोदावरी भरून वाहत होती. टोके गावाजवळ त्याची फौज पलीकडे गेली ती फोकांच्या, कातडं चढवलेल्या टोपल्यांतून. असल्या टोपल्या जागच्या जागी विणून घेण्यावर त्याचा भर असे, आणि त्यात शहाणपण होतं. नदीकाठी फोक मिळतो, फौजेबरोबर बैल असतात आणि बैल मरतही असतात. लाकडी नावा घाटावरून गाड्यांवर लादून आणायच्या तर पावसाळा संपला असता. महिन्याभरात, २३ सप्टेंबरला, असईची लढाई झाली.

त्याच्या चाळीस वर्षं आधी, १० ऑगस्ट १७६३ ला, गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला जे घडलं ते तर सगळं नदी ओलांडण्यावरच उलटलं. निजाम अली अर्धी फौज आणि तोफा घेऊन गोदावरीच्या उत्तर काठावर पोचला होता. दिवाण विठ्ठल सुंदर उरलेली फौज घेऊन दक्षिण काठावर होता. मध्ये पुराचं पाणी. मराठ्यांनी मागच्या अर्ध्यावर झडप घातली. अठरा वर्षांचे माधवराव पेशवे आणि राघोबादादा दोघेही त्या दिवशी रणात होते. विठ्ठल सुंदर मारला गेला आणि निजामाला समोरच्या काठावरून पाहत राहण्यापलीकडे काही करता आलं नाही. शाळेच्या पुस्तकात या लढाईचं श्रेय तरुण पेशव्याच्या धाडसाला दिलेलं असतं, ते द्यावंच. पण एका खेपेला किती माणसं पलीकडे जाऊ शकतात हा हिशेब निजामाकडे चुकला नसता, तर ते धाडस दाखवायची संधीच आली नसती.

संस्कृतात होडीच्या मापांचा विचार नव्हता असं नाही. धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ या ग्रंथात नौकांचे सामान्य आणि विशेष असे दोन वर्ग आहेत. सामान्य म्हणजे नदीच्या. त्यातली सगळ्यात लहान ती क्षुद्रा: सोळा हात लांब, चार हात रुंद, चार हात उंच. भीमा, भया आणि गर्भरा या तीन मात्र अशुभ सांगितल्या आहेत. राधाकुमुद मुखर्जींनी १९१२ साली भारतीय नौकानयनाचा इतिहास लिहिला, त्यात त्यांचा तर्क असा की या मापांच्या नौकांना तोल नसावा. म्हणजे शुभाशुभाच्या भाषेत सांगितलेला तो अभियांत्रिकीचा इशारा. मला हा तर्क पटतो. क्षुद्रेची उंची रुंदीइतकीच, हे मात्र गंगथडीवर चाललं नसतं. चोवीस फुटांची, सहा फूट उंच कडांची नाव वाळूत रुतली की ती काढायला अख्खं गाव लागेल.

माजलगावजवळच गोदाकाठी पुरुषोत्तमपुरी आहे, जिथं अधिक महिन्यात यात्रा भरते. यादव राजा रामचंद्राचा शके १२३२ चा, म्हणजे १३१० सालचा ताम्रपट याच गावी सापडला. तिथल्या मंदिराच्या विटा पाण्यावर तरंगतात अशी ख्याती आहे. थर्माकोलचा चप्पू पाण्यावर राहतो तोही त्याच कारणाने. अंगात जितकी बंद हवा, तितकं वजन कमी. कळसापर्यंत भार कमी ठेवायला कुणा जुन्या कारागिराने जी युक्ती केली, ती पुढे जर्मनीतल्या एका रासायनिक कारखान्यात नव्याने सापडली.

ती गोष्ट पुढे येईलच. आधी धरणं.

स्वातंत्र्यानंतर, आणि बीडच्या बाबतीत १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संपल्यानंतर, पाणी अडवायला सुरुवात झाली. पालीजवळ बिंदुसरेवर धरण झालं. पैठणचं जायकवाडी १९६५ मध्ये सुरू होऊन १९७६ ला पूर्ण झालं आणि पन्नासेक किलोमीटर लांबीचा नाथसागर उभा राहिला. केज तालुक्यात धनेगावला मांजरा नदीवर धरण आलं, १९८० साली. जायकवाडीचा दुसरा टप्पा म्हणून सिंदफणेवर माजलगावचं धरण १९८७ मध्ये झालं: साडेसहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत, ४५४ दशलक्ष घनमीटर पाणी, त्यातलं १४२ मृतसाठा. त्यानंतर गोदावरीवर हिरडपुरी, जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी असे उच्च पातळी बंधारे झाले आणि डोहांची नदी बंधाऱ्यांची झाली. पिढ्यान्‌पिढ्या काठावरून जाळं फेकणाऱ्या माणसापुढे एकाएकी असं पाणी आलं ज्याचा पलीकडचा काठ धुक्यात दिसत नाही. त्यात कटला, रोहू आणि मृगळ यांची बोटुकली सोडली गेली. सहकारी संस्था निघाल्या, तलाव ठेक्याने जाऊ लागले. मासा आता मध्यावर होता, तंगूसच्या कांडाळी जाळ्यांची रांग संध्याकाळी सोडून पहाटे उचलायची होती, आणि छातीखालच्या सांगडीवर हे काम होत नाही. होडी लागणार होती. होडी बांधणारा मात्र कुणी नव्हता.

म्हणून जे हाताशी होतं ते पाण्यात गेलं, आणि हाताशी ऊस होता. धरण झालं की कालवा येतो, कालवा आला की ऊस येतो, ऊस आला की गुऱ्हाळ, आणि गुऱ्हाळावर काहील असते. लोखंडी पत्र्याची, सपाट तळाची, सात-आठ फूट व्यासाची, वर उघडत गेलेले काठ आणि धरायला कड्या. हंगाम संपला की ती उपडी पडलेली असते, आणि पावसाळा येतो तो नेमका हंगाम संपल्यावर. तुंगभद्रेच्या टोपलीचाच हा लोखंडी अवतार. कोणी मुद्दाम नक्कल केली नाही, पण आकार तोच निघाला.

तो आकार काम का करतो याचा हिशेब करून पाहिला की काहिलीबद्दल आदर वाढतो. पत्रा तीन मिलिमीटर धरला तर काहिलीचं वजन सव्वाशे ते दीडशे किलो. त्यात दोन माणसं आणि ओलं जाळं, म्हणजे सगळं मिळून साडेतीनशे किलो. एवढ्या मोठ्या तळाला ते पेलायला पाण्यात जेमतेम चार इंच उतरावं लागतं. बुडित क्षेत्रातल्या बाभळीच्या खुंटांवरून, बांधांवरून, पडक्या विहिरींच्या कठड्यांवरून ती सहज सरकते. दुसरी गोष्ट तोलाची. पिएर बूगे या फ्रेंच गणितज्ञाने १७४६ मध्ये नौकेच्या तोलाचं गणित मांडलं, ज्यातून मेटासेंटर ही कल्पना आली. नौका कलली की पाण्याचा रेटा ज्या बिंदूभोवती तिला परत उभी करू पाहतो तो हा बिंदू. माणसांसकट नौकेचा भारमध्य त्याच्या खाली असला की ती सावरते, वर गेला की उलटते. नौका पाण्यात तेवढीच बुडलेली ठेवून रुंदी दुप्पट केली की हा बिंदू बुडलेल्या भागाच्या मध्यापासून चौपट उंच जातो. म्हणून काहिलीत माणूस उभा राहून जाळं ओढू शकतो.

तिचे दोष दोन. ती गिरक्या घेते, पाचशे वर्षांपूर्वी पाइशने टिपलं तशीच. नाक नाही, शेपूट नाही, वल्हं मारलं की पुढे जाण्याआधी फिरते. ओढत न्यायची, दोर बांधून सोडायची किंवा जवळच्या पाण्यात वापरायची तर ठीक. दुसरा दोष गंभीर आहे: लोखंडाला तरंगायचा स्वतःचा काही आधार नाही. वाऱ्याने उठलेली एक लाट काठावरून आत आली, दुसरी आली, की ती तळाला जाते. तरी पुरात माणसं काढायला गावोगाव पहिली हाक काहिलीलाच जाते. सरकारी बोट तालुक्याला किंवा जिल्ह्याला असते आणि काहील शेजारच्या वस्तीवर. बोट येईपर्यंत पाणी किती चढतं हे २०२५ च्या सप्टेंबरमधल्या पुराने मराठवाड्याला पुन्हा दाखवलं.

काहील दुर्मीळ होत गेली ती उसामुळेच. ऊस कारखान्यांकडे वळला, गुऱ्हाळं कमी झाली. पत्र्याची होडी तिची थेट वारस: तालुक्याच्या वेल्डिंगच्या दुकानात बनवून घेतलेली, लांबट, दोन्ही टोकं थोडी वर घेतलेली. तिच्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. ती सरळ चालते, गंजते, आणि काहिलीसारखीच बुडते.

दरम्यान पहिल्या घराण्यात ट्यूब आली. मालमोटारीच्या टायरची आतली ट्यूब, ठिगळ लावून फुगवलेली, मधे सुतळीचं जाळं विणलेलं. भोपळ्याची ही सरळ नात. माणूस मध्ये बसतो, पाय पाण्यात, हातात फळकुटं. ती हवा सोडून खांद्यावर टाकता येते, हा तिचा मोठा गुण. बाभळीचा काटा हा तिचा शत्रू, आणि बीड जिल्ह्यातल्या धरणांच्या तळाशी बाभळी किती, हे सांगायला नको. पुढे गाड्यांना ट्यूब नसलेले टायर आले, आणि जुन्या ट्यूबांचा साठा आपोआप आटत गेला.

मग थर्माकोल. १९४९ मध्ये जर्मनीतल्या बीएएसएफ कंपनीत फ्रित्स श्टास्टनी या रसायनतज्ज्ञाला पॉलिस्टायरीन फुगवण्याची रीत सापडली. त्या फेसाचा घनमीटर पंधरा-वीस किलोचा भरतो आणि तेवढ्याच पाण्याचा हजार किलोचा. आपल्याकडे ते टीव्हीच्या खोक्यातून, फळांच्या नि माशांच्या पेट्यांतून आणि गणपतीच्या मखरातून आलं. मखर विसर्जनाला गेलं की थर्माकोल बुडत नाही, हे दरवर्षी सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. काहींनी त्याची चिंता केली आणि काहींनी त्यावर बसून पाहिलं.

चप्पू बांधायची रीत साधी आहे. थर्माकोलच्या जाड पाट्या एकावर एक रचायच्या, त्या खताच्या पोत्यात किंवा प्लास्टिकच्या कागदात गुंडाळायच्या, वरून जुनं जाळं ताणून दोरीने आवळायचं. कडेला बांबू दिला की ताठपणा येतो. वर बसायला फळी. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, एक फूट जाड असा चप्पू धरला तर थर्माकोलचं वजन दहा किलोच्या आसपास, आणि उचलायची ताकद पाचशे किलोंची. एक माणूस, जाळं, पकडलेला मासा मिळून सव्वाशे किलो झाले तरी तो तीन इंच बुडतो. मधोमध तुकडा पडला तर दोन चप्पू होतात. तो बुडवून दाखवता येत नाही.

उलटतो मात्र. काहिलीच्या हिशेबानेच मोजलं तर कारण कळतं. तीन फुटांची रुंदी बसलेल्या माणसाला पुरते. तोच माणूस उभा राहिला की त्याचा भारमध्य इतका वर जातो की सावरणारं बळ संपतं. म्हणून चप्पूवरचा जाणता माणूस कधी उभा राहत नाही. तो पाय दोन्हीकडे सोडून बसतो, दोन हातांत दोन लहान फळ्या घेऊन पाणी मागे सारतो, आणि जाळं उचलताना अंग वाकवतो पण ढुंगण उचलत नाही. नवखा उभा राहतो. बूगेचं गणित न वाचता ही रीत बसली, आणि ती शिकताना लोक पाण्यात पडलेलेच असणार.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये चप्पू न्यायालयात गेला. गंगापूर तालुक्यातल्या भिवधानोरा या गावाला जायकवाडीच्या फुगवट्याने तीन बाजूंनी वेढलेलं आहे. तिथली मुलं थर्माकोलच्या तुकड्यावर बसून शाळेत जातात, पाण्यातले साप हाकलायला हातात काठी ठेवतात, ही बातमी छापून आली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आपणहून दखल घेतली. दखल घ्यायलाच हवी होती, शाळेच्या वाटेवर पूल असायला हवा. पण त्या चर्चेत चप्पू हा मागासलेपणाचा पुरावा म्हणून जो उभा राहिला, ते मला अर्धंच पटतं. पोरांना त्याच्यावर बसवणं ही सरकारची लाज आहे. मासे धरणाऱ्याने तो निवडणं ही मात्र गोष्ट वेगळी. त्यात गरिबी आहे तशी अक्कलही आहे, आणि ती अक्कल कशाला उत्तर देते ते उन्हाळ्यात धरणावर गेल्याशिवाय कळत नाही.

नौकाशास्त्राच्या पुस्तकात होडीचा आकार लाट ठरवते. मोठी लाट असेल तर इंग्रजी व्ही अक्षरासारखा तळ घ्या, तो पाणी कापतो. लाट नसेल तर सपाट तळ घ्या, तो स्थिर राहतो. मधलं हवं तर गोलसर. नाथसागरावर या नियमाला अर्थ आहे, कारण वाऱ्याला मोकळं मैदान वीस-पंचवीस किलोमीटर मिळालं की आखूड, उभ्या, अंगावर फुटणाऱ्या लाटा उठतात. उजनीच्या पाण्यावर कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान २१ मे २०२४ ला सुटलेल्या वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जण गेले, ते असल्याच पाण्यात. माजलगाव आणि मांजरा इथं मात्र लाटेआधी दुसरा प्रश्न पडतो: पाणी आज कुठे आहे?

ही धरणं उथळ जमिनीवर पसरलेली आहेत. जमिनीचा उतार शंभर फुटांना एक फूट असेल, तर पाणी दहा फूट उतरल्यावर काठ हजार फूट आत जातो, आणि पुष्कळ ठिकाणी उतार त्याहून कमी आहे. दिवाळीला ज्या चिंचेखाली होडी बांधली, मार्चमध्ये तिथून पाणी अर्ध्या कोसावर असतं, आणि मध्ये गुडघाभर चिखल किंवा कुणाची गाळपेर. पंधरा-सोळा फुटांची फायबर होडी, कमी धरली तरी शंभर-दीडशे किलोंची. ती चिखलातून न्यायला चार माणसं लागतात, आणि जाळं टाकायला घरून निघतो तो एक, फार तर दोन. चप्पू तो डोक्यावर घेतो.

हेरोडोटसने अडीच हजार वर्षांपूर्वी हीच गोष्ट फुरात नदीवर पाहिली होती. आर्मेनियातून गोल, कातड्याच्या नावा माल घेऊन बाबिलोनला येत, प्रत्येकीत एक गाढव असे. माल विकला की सांगाडा तिथंच विकायचा, कातडी गाढवावर लादायची आणि चालत घरी जायचं, कारण प्रवाहाविरुद्ध नाव वर नेता येत नाही. वेल्समधला मच्छीमार आपली गोल होडी पाठीवर कासवासारखी बांधून नदीकाठाने चालतो. हलक्या, रुंद, उथळ होड्यांचा हा सगळा गोतावळा कोरड्या वाटेसाठी घडलेला आहे. त्यांना जमिनीवर किती चालावं लागतं ते आधी पाहावं.

२०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं. त्याच पाण्यावर चालणाऱ्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली. देशभर त्या गाडीचे फोटो छापले गेले. धरणाच्या मच्छीमारांबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही. ज्या वर्षी धरणच नसतं त्या वर्षी होडीत अडकलेला पैसाही नुसता पडून राहतो, आणि फायबरच्या होडीत तो दहा चप्पूंहून जास्त असतो. तीन-चार वर्षांत एकदा पाणी दगा देणार हे ज्याने धरून ठेवलंय, तो स्वस्त आणि टाकाऊ होडी घेतो यात नवल नाही. शासनाची जाळी आणि नौकांसाठीची अनुदानं फायबरचा भार हलका करतात हे खरं. २०२० पासून प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतही होड्या आहेत, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. अनुदानाने किंमत कमी होते. वजन तेवढंच राहतं.

थर्माकोलची बाजू घेताना एक कबूल करायला हवं. उन्हाने ते ठिसूळ होतं, उंदीर कुरतडतात, पोतं फाटलं की पांढरे दाणे पाण्यावर पसरतात आणि मासे ते गिळतात. २०१८ मध्ये महाराष्ट्राने थर्माकोलच्या ताटवाट्यांवर आणि मखरांवर बंदी आणली ती या कचऱ्यासाठीच. ज्या पाण्यावर पोट आहे त्यात आपलीच होडी विरघळत राहावी, हे बरं नव्हे. प्लास्टिकचे बंद डबे किंवा दोन्ही तोंडं बंद केलेले जाड पाइप यांचा तराफा हा याच घराण्यातला पुढचा भाऊ. तो जड असतो पण लवकर झिजत नाही.

माझ्यावर निवड सोपवली, तर नाथसागरावर आणि पाणी भरलेल्या माजलगावात मी फायबरच घेईन. रुंद घेईन, चार फुटांच्या खाली नाही. तळ मधे सपाट आणि नाकाशी किंचित धारदार, म्हणजे लाटेवर आपटणार नाही. दोन्ही टोकांना बंद कप्पे, त्यात फेस भरलेला, म्हणजे पाणी भरलं तरी बुडणार नाही. दोन घराण्यांची सोयरीक एवढ्या एका ठिकाणी जमते. मांजरावर, मेहकरी तलावावर, वाणच्या पाण्यावर आणि माजलगावातही होळीनंतर मात्र मी असल्या होडीच्या भानगडीत पडणार नाही. तिथं साच्यात काढलेला फायबरचा चप्पू हवा: आठ फूट लांब, साडेतीन-चार फूट रुंद, फूटभर जाड, आतून बंद, वरून बसायला खोलगट केलेला, कडेला धरायला दोर, आणि वजन तीस-पस्तीस किलोच्या वर नाही, म्हणजे एकट्याने डोक्यावर किंवा सायकलच्या कॅरियरवर नेता येईल. साचा एकदा झाला की एका धरणावरच्या संस्थेची गरज एका हंगामात भागेल. आणि त्याच्याबरोबर तरंगतं जॅकेट द्यावं, पण पोटाशी आवळणारं नको. बसून पुढे वाकून जाळं उचलताना जे पोटात रुततं ते कोणी घालत नाही.